हिरवळ उन्हाळा सोसते म्हणजे नेमकं काय करते?

मे महिन्याच्या संध्याकाळी, पंख्यांचा वारासुद्धा गरम लागत असताना, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडून गवताबद्दल ऐकायला आपण आलात, त्याबद्दल आधी आभार. विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून विचारलं, "सर, छापताना चूक तर नाही ना झाली?" चूक झालेली नाही.

त्याचं असं झालं. आम्ही राहतो त्या सोसायटीत मध्यभागी पाच गुंठ्यांचं लॉन आहे. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले आणि सभा भरली. अर्धे सभासद म्हणाले, लॉनचं पाणी आजपासून बंद करा. अर्धे म्हणाले, एवढा खर्च करून बसवलेलं लॉन मारून टाकायचं का? मग सेक्रेटरींनी एका नर्सरीचं रंगीत पत्रक काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'दुष्काळ सहन करणारं वाण, बारा महिने हिरवंगार.' सगळ्यांना उत्तर सापडल्यासारखं वाटलं. आमच्याकडे पाहून कोणी तरी म्हणालं, "सर, तुम्ही लॉजिक शिकवलंय, तुम्ही सांगा." आम्ही एवढंच म्हणालो की या वाक्यात दोन विधानं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतायत. 'सहन करणारं' हे एक, 'बारा महिने हिरवं' हे दुसरं. ती का भांडतात हे तेव्हा आम्हालाही नीट सांगता आलं नाही. नंतर वनस्पतिशास्त्रातल्या मित्रांना भंडावून आणि बरंच वाचून जे कळलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात एका साध्या फरकापासून करू. जगात हिरवळीसाठी जी गवतं लावतात त्यांची दोन मोठी घराणी आहेत. एक थंड हवेचं: केंटकी ब्लूग्रास, राय, फेस्क्यू, बेंटग्रास. इंग्लंडमधली आणि उत्तर अमेरिकेच्या थंड भागातली मखमली लॉन्स बहुतेक यांची. यांना १५ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. दुसरं घराणं उष्ण हवेचं: बर्मुडा म्हणजे आपली हरळी, झोयसिया म्हणजे आपल्या नर्सरीवाल्यांचं 'कोरियन', अमेरिकेच्या मधल्या पठारावरचं बफेलो ग्रास, खारं पाणी चालवून घेणारं पास्पालम. यांना २७ ते ३५ अंश हवेत. हल्ली लोक मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघून लॉनची निगा राखायला शिकतात. व्हिडिओ पहिल्या घराण्याचा आणि अंगणातलं गवत दुसऱ्या घराण्याचं, असा घोटाळा मग रोजचा होतो.

हा फरक कुठून आला? पानात रुबिस्को नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर करण्याच्या कामाची सुरुवात ते करतं. पण ते जरा गोंधळलेलं आहे. उष्णता वाढली की कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतं. झालेली चूक निस्तरायला झाडाला ऊर्जा मोजावी लागते, शिवाय आधी बांधलेला थोडा कार्बनही हातचा जातो. थंड घराण्याच्या गवतांत सगळी भिस्त या विकरावर. त्यामुळे ऊन तापलं की त्यांची कमाई घटते आणि श्वसनाचा खर्च मात्र वाढत राहतो. साठवलेली साखर संपते आणि सगळ्यात आधी मुळं मरायला लागतात. गोल्फच्या मैदानावरचं बेंटग्रास भर उन्हाळ्यात भरपूर पाणी देऊनही खंगतं, ते यामुळे. म्हणजे उष्णतेचा त्रास आणि पाण्याचा त्रास हे दोन वेगळे रोग आहेत, जरी लक्षणं सारखी दिसली तरी.

उष्ण घराण्याने एक वेगळी सोय केली. तिथे कार्बन डायऑक्साइड आधी दुसरं एक विकर पकडतं, ज्याची ऑक्सिजनशी गल्लत होत नाही. मग तो शिरांच्या भोवतीच्या पेशींत नेऊन दाटीने भरला जातो आणि तिथे रुबिस्को काम करतं. आजूबाजूला एवढा कार्बन डायऑक्साइड असल्यावर ते चुकणार तरी किती? याचा दुसरा फायदा असा की पानावरची रंध्रं पूर्ण उघडी ठेवायची गरज उरत नाही. रंध्रं म्हणजे दारं. हवा आत यायला दार उघडलं की पाणी बाहेर जाणारच. दार किलकिलं ठेवून भागलं की पाणी वाचलं. त्यामुळे तेवढाच पाला तयार करायला या गवतांना थंड घराण्याच्या साधारण निम्मं पाणी पुरतं.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. ज्वारी, बाजरी, मका ही पिकं याच उष्ण घराण्याच्या पद्धतीने चालतात. आणि ऊसही! ऊस पाणी अत्यंत काटकसरीने वापरतो, असं म्हटलं तर सभागृहात हशा पिकेल. पण वाढीच्या प्रत्येक ग्रॅममागे बघितलं तर ते खरं आहे. फक्त आपण त्याला वर्षभर वाढवत ठेवतो, म्हणून तो एकूण पाणी प्रचंड पितो. काटकसरी असणं आणि कमी खर्च होणं यांत अंतर आहे. पत्रकातल्या वाक्याची पहिली गाठ इथे सुटते.

दुसरी गाठ 'सहन करणं' या शब्दात आहे. कोरड्या दिवसांतून झाडं कशी पार पडतात याच्या तीन तऱ्हा अभ्यासक सांगतात. आम्ही त्यांना मराठीत निसटणं, टाळणं आणि सोसणं म्हणतो.

निसटणं सर्वांत सोपं. पोआ अनुआ नावाचं थंड हवेचं एक गवत आहे. ते उन्हाळ्याआधी भराभर बी धरतं आणि मरून जातं. दुष्काळात ते हजरच नसतं. लॉनवाल्यांच्या दृष्टीने ते तण, पण त्याचा हिशेब अचूक आहे.

टाळणं म्हणजे बाहेर दुष्काळ असला तरी आपल्या पेशींपर्यंत तो पोचू न देणं. याचे परत दोन मार्ग. एक, खर्च कमी करायचा: रंध्रं मिटायची, पान गुंडाळायचं, पानावर मेणाचा थर वाढवायचा. दोन, मिळकत वाढवायची: मुळं खोल घालून खालचं पाणी ओढायचं. आता गंमत बघा. उंच फेस्क्यू या गवताची ख्याती अशी की थंड घराण्यात तेच उन्हाळ्यात सर्वांत जास्त दिवस हिरवं राहतं. पण ते पाणी वाचवून हिरवं राहत नाही. रोजचा पाणीखर्च मोजला तर हिरवळीच्या गवतांत ते वरच्या रांगेत बसतं. त्याची मुळं खोल जातात, म्हणून खर्च भागतो. खर्चिक मुलगा, पण घरची विहीर मोठी. अशा वाणाला 'दुष्काळ सहन करणारं' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, याला पाणी कमी लागेल. तो निष्कर्ष त्या विधानातून निघतच नाही.

तिसरं, सोसणं. पेशींपर्यंत कोरड पोचली, तरीही मरायचं नाही. केंटकी ब्लूग्रास हे याचं नमुनेदार उदाहरण. पाणी तुटलं की दोन-तीन आठवड्यांत ते तपकिरी पडतं. बघणारा म्हणतो, गेलं. पण गवताचा जीव पानात नसतो. तो जमिनीला टेकलेल्या बुडख्यात आणि जमिनीखालच्या आडव्या खोडांत असतो. गवत पानं सोडून देतं आणि गाभा राखतं. पाऊस आला की त्याच गाभ्यातून नवे कोंब येतात. म्हणजे जे गवत आधी पिवळं पडतं तेच कधी कधी जास्त चिवट असतं. इथे 'हिरवं' आणि 'जिवंत' हे दोन शब्द एकमेकांपासून सुटे होतात. आमच्या सभेत सगळे ते एकाच अर्थाने वापरत होते.

फेस्क्यूची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९३१ साली अमेरिकेत केंटकीतल्या एका डोंगराळ शेतावर हे गवत विद्यापीठाच्या अभ्यासकांना फार जोमदार दिसलं. १९४३ साली त्याचं 'केंटकी ३१' नावाचं वाण प्रसारात आलं आणि लाखो एकर कुरणांवर पसरलं. गवत झकास, पण त्यावर चरणारी गुरं उन्हाळ्यात खंगायला लागली. धापा टाकत सावली आणि पाणी शोधत उभी राहायची. १९७० च्या दशकात कारण कळलं: गवताच्या आत, पेशींच्या मधल्या जागेत, एक बुरशी राहते. बाहेरून काही दिसत नाही. ती गवताला किडींपासून वाचवते, कोरडे दिवस काढायला मदत करते, आणि तिच्या द्रव्यांमुळे गुरांच्या रक्तवाहिन्या आकसून त्यांना अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. गवताला उन्हाळा सोसवतो, गाईला सोसवत नाही, दोन्हींचं कारण एकच! आज हिरवळीसाठी फेस्क्यू आणि रायचं बी विकताना ही बुरशी आत आहे हे गुण म्हणून सांगतात, कारण लॉनवर गाय चरत नाही. एका वाणाचा गुण कोणता आणि दोष कोणता, हे त्यावर कोण उभं आहे यावर ठरतं.

आता मातीकडे येऊ, कारण वाणाची चर्चा करताना लोक तीच विसरतात. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजचं जे प्राचीन दगडी वर्तुळ आहे, तिथलं गवत कोरड्या दिवसांत पाणी देऊन हिरवं ठेवत असत. २०१३ च्या उन्हाळ्यात पाण्याचा पाइप आखूड पडला आणि वर्तुळाच्या एका बाजूला पाणी पोचलं नाही. तिथे गवत पिवळं पडलं, पण सगळीकडे सारखं नाही. काही ठिपके आधी वाळले. ते ठिपके नेमके जिथे आज नसलेले दगड असायला हवेत अशा जागी होते. वर्तुळ एके काळी पूर्ण होतं का, या जुन्या वादाला त्या वाळलेल्या गवताने पुरावा दिला. तसंच २०१८ च्या उन्हाळ्यात चॅट्सवर्थ इथल्या मोठ्या हवेलीसमोरच्या लॉनवर सतराव्या शतकाच्या अखेरच्या बागेची सबंध नक्षी उमटली. जुन्या बागेच्या वाटा आणि वाफे वरच्या पातळ मातीखाली शाबूत होते, तिथे मुळांना खोली मिळेना, म्हणून तेवढंच गवत आधी वाळलं. वाण तेच, ऊन तेच, पाऊस तोच. फरक फक्त खाली मुळांना काय मिळतं याचा.

हे वाचलं आणि आमच्या सोसायटीचं लॉन डोळ्यांसमोर आलं. ते आहे पार्किंगच्या स्लॅबवर! खाली गाड्या, वर वॉटरप्रूफिंग, त्यावर वीतभर माती, आणि मग गवत. हल्ली बहुतेक नव्या संकुलांत हेच असतं. तिथे खोल मुळांचं वाण आणून काय उपयोग? मूळ खाली जाऊन सिमेंटला टेकणार. शिवाय काँक्रीट तापतं, म्हणजे पाण्याची टंचाई आणि मुळांना झळ, दोन्ही रोग एकदम. विहिरीतून पाणी ओढणारा पोहरा चांगला असून भागत नाही, विहीर असावी लागते.

मग आपल्याकडे काय लावावं? बहुतेकांना उत्तर आवडत नाही, कारण ते फुकट आहे. हरळी. शेतकऱ्याची ती वैरीण. काळ्या रानात हरळी शिरली की नांगरट करून उन्हाळाभर रान तापत ठेवायचं, काशा वेचायच्या, जाळायच्या, तरी ती पावसाळ्यात कुठून तरी डोकं काढते. या काशा म्हणजे जमिनीखालची खोडं, अन्नाची साठवण आणि कोंबांचे डोळे दोन्ही त्यांत. शेतकरी ज्या गुणामुळे रडतो त्याच गुणासाठी लॉनवाला पैसे मोजतो. आणि गणपतीला आपण वाहतो ती दूर्वाही हीच. १९७२ च्या दुष्काळात आम्ही विशीत होतो. माळरानावर पिवळी काडीही उरली नव्हती, आणि पुढच्या पावसात ती जमीन परत हिरवी झालेली आम्ही पाहिली आहे.

साध्या हरळीचं पान जरा भरड, म्हणून तिची संकरित वाणं निघाली. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या संशोधकाने साधी हरळी आणि आफ्रिकेतली बारीक पानांची हरळी यांचे संकर केले. अशाच संकरांतलं 'टिफवे' हे वाण १९६० साली आलं आणि जगभरच्या मैदानांवर पोचलं. साध्या हरळीत ३६ गुणसूत्रं, आफ्रिकनमध्ये १८, संकरात २७. हे खेचरासारखं: काम चोख, पण वंश नाही. त्याला बी धरत नाही. तुकडे लावूनच ते वाढवावं लागतं. म्हणजे जगातलं सगळं टिफवे हे मुळात एकाच रोपाचे तुकडे. ते एक झाड आहे की कोट्यवधी? तत्त्वज्ञानाच्या वर्गात यावर आम्ही दोन तास घेतले असते, पण आज वेळ नाही. व्यवहारातली बाजू अशी की एका तुकड्याला जो रोग किंवा कीड मारील ती सगळ्यांनाच मारू शकेल. त्याच टिफ्टनहून गेल्या दशकात 'टिफटफ' नावाचं वाण आलं. ते कमी पाण्यात जास्त दिवस हिरवं राहतं म्हणून निवडलं गेलं. प्रगती खरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण 'जास्त दिवस' म्हणजे 'कायम' नव्हे.

कोरियनबद्दल एक शब्द. दिसायला गालिचा, वाढायला संथ, त्यामुळे कापायचा त्रास कमी. पण एकदा तुकडा खरोखर मेला की भरून यायला फार काळ लागतो. आमच्याकडे गेटजवळचा पट्टा असा गेला, तो दोन पावसाळे झाले तरी टकलाच आहे. शेजारी हरळीने मात्र एका पावसाळ्यात जागा धरली.

आता हिशेब मांडू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. मे महिन्यात उष्ण घराण्याचं लॉन हिरवं ठेवायला रोज ५ मिलिमीटर धरा. पाच गुंठे म्हणजे ५०० चौरस मीटर. रोज २,५०० लिटर, महिन्याला ७५,००० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा दंडक माणशी रोज १३५ लिटरचा आहे. म्हणजे आमचं लॉन अठरा माणसांचं पाणी पितं. दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ते पाणी वाया जात नाही. २,५०० लिटर पाण्याची वाफ होताना साधारण १,७०० युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, आणि तेवढं अंगण निवतं. म्हणून कोणी प्लॅस्टिकचं गवत सुचवलं तर आम्ही विरोध करतो. भर उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो, त्यावर पोरं अनवाणी खेळू शकत नाहीत.

पण गार अंगणासाठी कोणाचं पाणी? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. तेव्हा काही मित्र म्हणाले, मैदानाचं पाणी वाचवून लातूरची तहान थोडीच भागणार आहे? हिशेब म्हणून त्यांचं बरोबर होतं. आम्हाला मात्र तो प्रश्न लिटरांचा कधीच वाटला नाही. टंचाईत कोणती गोष्ट आधी सोडायची, हा तो प्रश्न होता, आणि गवताला त्याचं उत्तर येतं: पान आधी. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याने २०२१ साली कायदाच केला. ज्या हिरवळीचा कोणी काही उपयोग करत नाही, नुसती रस्त्याकडेला, दुभाजकावर शोभेला आहे, तिला २०२७ पासून कोलोरॅडो नदीचं पाणी मिळणार नाही. घरांची अंगणं, बागा, खेळाची मैदानं वगळली. 'उपयोगाची हिरवळ' म्हणजे काय याची व्याख्या तिथे कायद्यात लिहावी लागली.

आमच्या सोसायटीत अखेर असं ठरलं. मुलं खेळतात तो कोपरा हिरवा ठेवायचा, सांडपाणी शुद्ध करून. उरलेलं वाळू द्यायचं. स्लॅबवर माती पातळ असल्याने बुडखे जगावेत म्हणून तीन आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर, म्हणजे सगळ्या लॉनचा हिशेब धरला तरी एका खेपेला ६,००० लिटर. वाळलेल्या भागावर चालायचं नाही, खत टाकायचं नाही. खताने पाला वाढतो आणि पाला पाणी मागतो. जिथे हिरवं ठेवायचं तिथेही रोज शिंपडायचं नाही, कारण रोजच्या शिंपडण्याने मुळं वरच्या वर राहतात. दोन पाण्यांत अंतर ठेवून भरपूर द्यायचं. आणि उन्हाळ्यात मशीनचं पातं एक घर वर घ्यायचं. वर पान राहिलं तर खाली मूळ राहतं. फेब्रुवारीतच हे सुरू करावं, मेमध्ये एकदम पाणी तोडू नये. हळूहळू तोडलं तर गवत तयारी करतं.

मागच्या रांगेतून काकूंनी चिठ्ठी पाठवली आहे: 'वाळलेलं आणि मेलेलं ओळखायचं कसं?' चांगला प्रश्न, आणि सभेत आम्हाला कोणीच विचारला नव्हता. मूठभर गवत धरून ओढा. सहज हातात आलं तर लक्षण बरं नाही, चिवटपणे धरून राहिलं तर आशा आहे. मग खुरप्याने थोडं उकरून एक काशी काढा आणि नखाने मोडा. आत पांढरी आणि ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी आणि भुसभुशीत असेल तर गेली. तरी शंका राहिली तर असे चार-सहा तुकडे कुंडीत लावून दहा-बारा दिवस पाणी घाला. कुंडी मात्र सावलीत ठेवू नका. हरळीला ऊन लागतं.